विकलेली कुस्ती

आधारने धनसिंगला खांद्यावर घेतला होता, याबद्दल कुणाचं दुमत नाही. गिरणाकाठच्या त्या यात्रेत मैदानाभोवती, बाभळींवर आणि सोडलेल्या बैलगाड्यांवर मिळून तीन-चार हजार माणूस होतं. शिरपूरच्या धनसिंगचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले त्या सगळ्यांनी पाहिले. एरंडोलच्या पोरांनी टोप्या उडवल्या, ढोलवाल्याने ढोल नुसता बडवून काढला. आता आपटायचं तेवढं बाकी होतं. आणि तिथे आधार उभा राहिला. नुसता उभा! खांद्यावर एवढा नव्वद किलोचा गडी, आणि हा बाबा समोर कुठेतरी बघत मचमच तोंड हलवतोय, डाव्या हाताची पकड सुटलेली, बोटं आपल्याच लंगोटाच्या काठाशी चाळा करतायत. धनसिंग घसरत खाली आला. त्यालाही क्षणभर कळेना हे काय चाललंय. पण पहिलवानाचं अंग विचार करत बसत नाही. त्याने पट काढला आणि आधारला चारी मुंड्या चीत केला.

आधारला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्याच्यापुरतं झालं ते एवढंच: धनसिंगला उचलता उचलता पोटातून काहीतरी गरगरत गळ्याशी आलं, जळक्या रबराचा वास आला, आणि मग तो पाठीवर होता, वर रणरणतं ऊन होतं, आणि धनसिंग त्याच्या छातीवर बसून त्याच्याकडे विचित्र नजरेने बघत होता. मधलं सगळं गायब.

"कुस्ती इकी टाकी रे!" कुणीतरी ओरडलं.

बस्स. त्या एका ओरडण्याची खोटी होती. पहिलं ढेकूळ त्याच्या कानावर बसलं, दुसरं दातांवर. चपला आल्या, नारळाची करवंटी आली, मग माणसंच आली. कुणी केस धरले, कुणी कमरेत लाथ घातली. एका म्हाताऱ्याने, ज्याला आधारने सकाळीच वाकून नमस्कार केला होता, त्याच्या तोंडावर थुंकून घेतलं. धनसिंग मध्ये पडला तर त्याच्याही पाठीत काठी बसली. "त्याला मारू नका, अरे ऐका," असं तो ओरडत होता, पण जिंकलेल्याने हरलेल्याची कड घेतली की लोकांना वाटायचं तेच वाटलं. शेवटी खाजा वस्ताद गर्दीत घुसले. साठीचा माणूस, पण हातातली काठी अशी फिरवली की वाट झाली. आधारला मानेला धरून त्यांनी बाहेर काढला, टेम्पोत ढकलला आणि एरंडोल येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मारलं असतं तर आधारला बरं वाटलं असतं.

खाजा वस्ताद जातीने पिंजारी. एरंडोलच्या बाजारपेठेत त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. दिवसभर कापूस पिंजायचा, पहाटे आणि संध्याकाळी तालीम सांभाळायची. आधार भीमनगरातला, बापाविना वाढलेला. आई भागाबाई कापूस वेचायला जायची. बारा वर्षांचा असताना वस्तादांनी त्याला नदीवर पोहताना पाहिला, खांदे चाचपले आणि म्हणाले, उद्यापासून ये. तेव्हापासून नऊ वर्षं त्याचं दूध आणि बदाम वस्तादांच्या घरून यायचे. स्वतःच्या पोरासाठी केलं नसतं तेवढं त्यांनी त्याच्यासाठी केलं. म्हणूनच त्यांचा संताप इतका भयंकर होता.

त्यांच्या तालमीची एक रीत होती. ज्याने कुस्ती विकली, त्याने दुसऱ्या दिवशी हौद्यात उतरायचं, सगळ्यांसमोर "विकली" म्हणायचं आणि वस्तादांच्या हातून चिंचेच्या ओल्या फोकाचे पाच तडाखे खायचे. पाच झाले की विषय संपला, कुणी पुन्हा नाव काढायचं नाही. आणि कबूल नाही झाला तर तडाख्यांना मोजदाद नाही.

सकाळी आठला आधार लंगोट कसून लाल मातीत उभा राहिला. भोवती पंधरा-वीस पहिलवान. नथ्थू, त्याचा रोजचा जोडीदार, भिंतीला टेकून खाली बघत होता.

"बोल," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, मी नाही विकली."

सट्कन पहिला बसला, पाठीवर आडवा.

"मग खूण कसली केलीस त्याला? डावा हात सोडलास, बोटं हलवलीस, तोंड हलवलंस. मी चाळीस वर्षं माती खाल्लीय रे. खूण कळत नाही मला? चोपड्याला हेच केलंस, पारोळ्याला हेच केलंस. मी गप्प बसलो, म्हटलं पोरगा चुकला असेल."

"मला माहीत नाही वस्ताद. मला खरंच माहीत नाही."

"माहीत नाही?" दुसरा, तिसरा, चौथा. "तुझा हात, आणि तुलाच माहीत नाही?"

आता तुम्ही म्हणाल, पठ्ठ्याने सांगून का नाही टाकलं? माहीत नाही म्हणजे काय, हे त्यालाच तेवढं माहीत होतं. दीड-दोन वर्षांत त्याच्याकडून असे वेळेचे तुकडे हरवले होते. फैजपूरला केळीच्या ट्रकवर हमालीला गेला होता तेव्हा पहिल्यांदा. पोटातून उसळी आली, जळक्या रबराचा वास, आणि पाहतो तर मुकादम समोर उभा राहून विचारतोय, "काय रे, भांग घेतली का?" मग चोपड्याच्या कुस्तीत. मग घरी भाकर खाताना. प्रत्येक वेळी मिनिटभराचाच मामला. आधी त्याने उन्हावर ढकललं, मग खुराकावर, मग जागरणावर. पण आतून त्याला एक नाव सुचत होतं आणि ते नाव तो तोंडावर येऊ देत नव्हता.

ते नाव म्हणजे फेफरं. त्यांच्या गल्लीत झिपरू म्हणून एक जण होता. त्याला फेफरं यायचं. आधारने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच्या कपाळावर आणि दोन्ही घोट्यांवर तापल्या विळ्याचे डाग. घरचे कामाला गेले की त्याला साखळीने खांबाला बांधून जायचे. एक दिवस साखळी सुटली आणि झिपरू अंजनी नदीत, घोटाभर पाण्यात, पालथा पडून मेला. त्याची धाकटी बहीण अजून बिनलग्नाची घरात बसली होती. फेफरंवाल्याशी कुस्ती कोण धरणार? अंगाला अंग लावायलाही लोक घाबरत. कुस्ती विकली म्हणावं तर नाव जातं, फेफरं म्हणावं तर कुस्तीच जाते, आणि आधारकडे कुस्तीशिवाय होतं काय? भीमनगरातल्या पोराला गावातली मोठी माणसं "या पहिलवान" म्हणून ओट्यावर बसवायची, ती त्या मातीमुळे.

म्हणून तो मार खात राहिला. पाठीची कातडी सोलून निघाली, रक्त लंगोटात उतरलं, पण ना त्याच्या तोंडून 'विकली' निघालं ना दुसरं काही. दहा झाले, बारा झाले. "बोल हरामखोरा, बोल!" वस्तादांचा आवाज फाटला होता. रडत होते की काय कोण जाणे. आणि मग पोटातून ते गरगरत वर आलं. "वस्ताद," आधार म्हणाला. जळक्या रबराचा वास आला.

पुढचं त्याला नथ्थूने सांगितलं. नथ्थूने मान खाली घातलेली होती, त्याने वर पाहिलं ते किंकाळी ऐकून. रेड्याने हंबरावं तसा आवाज आधारच्या तोंडून निघाला, अंग फळीसारखं ताठ झालं आणि तो होता तसा आडवा कोसळला. डोकं हौद्याच्या दगडी काठावर आपटलं. मग झटके सुरू झाले. हात, पाय, मान, सगळं एका ठेक्यात आपटायला लागलं; तोंडातून रक्ताळलेला फेस. आता तालमीतल्या माणसांना काय येतं? धरणं येतं. सहा जण त्याच्यावर तुटून पडले. दोघं पायांवर, एक मांड्यांवर, दोघं खांद्यांवर, नथ्थू छातीवर. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा फोडला. एकाने कुलपाची लोखंडी किल्ली दातांत घातली आणि दात उघडावेत म्हणून जोर लावला. पुढचा एक दात तुटून घशाकडे गेला, तो नथ्थूने बोट घालून काढला आणि त्या बोटाचा लचका निघाला.

झटके थांबले. अंग सैल पडलं. सगळ्यांना वाटलं संपलं. वस्ताद त्याच्या डोक्याशी बसले आणि त्यांनी त्याचा चेहरा हातात घेतला. तेवढ्यात आधारने डोळे उघडले. पण डोळ्यांत आधार नव्हता. अंगावर सहा माणसांचं ओझं, तोंडात रक्त, आणि आत शुद्ध नाही. उरलं होतं फक्त नऊ वर्षं घडवलेलं पहिलवानाचं शरीर. ते शरीर सुटायला धडपडलं. नथ्थू उडून भिंतीवर आदळला. आणि समोर जो हात दिसला तो त्याने धरला, काखेत घेतला, कोपर उलटं केलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. तो डाव वस्तादांनीच त्याला शिकवला होता, आणि शेवटपर्यंत कधी नेऊ नकोस म्हणून बजावलं होतं. हात वस्तादांचा होता. मोडल्याचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला, असं नथ्थू म्हणाला.

आधार शुद्धीवर आला तेव्हा दुपार टळली होती. तो घरी गोधडीवर पडला होता. जीभ सुजलेली, डोकं फुटलेलं, लंगोट ओला, आणि अंगाचा कणन् कण ठणकत होता. बोटाला चिंधी बांधून नथ्थू दारात उभा होता, आत यायला तयार नव्हता. त्याने जे झालं ते सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "वस्तादांना धुळ्याला नेलंय. इथला डॉक्टर म्हणाला हाडाचे तुकडे झालेत." ज्या हाताने वस्ताद कापूस पिंजायचे तो हात. त्याने स्वतःच्या पंजांकडे पाहिलं आणि ते गोधडीखाली दडपले.

संध्याकाळी भागाबाईने पुना भगताला बोलावलं. दर पौर्णिमेला विहारात वंदना म्हणणारी बाई ती; गंडेदोरे सोडून तिला वीस वर्षं झाली होती. पण एकुलता एक पोर असा पडला की आईचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तिचा भाऊच भगताला घेऊन आला. भगताने एक नजर टाकली, चुलीत विळा खुपसला आणि मामाला म्हणाला, "पाय धर." विळा लाल झाला. मामा पायांवर बसला. भगत जवळ आला, कपाळाला धग लागली, आणि आधारने त्याचं मनगट पकडलं. जोर लावला नाही. लावला असता तर तेही मोडलं असतं, आणि नेमकी त्याचीच त्याला आता धडकी भरली होती. गरम लोखंड त्याच्याच पंजाच्या कडेला चिकटलं, चर्र वाजलं, घरभर वास सुटला, तरी त्याने मनगट सोडलं नाही.

"माय," तो म्हणाला, "भूत नही, काही नही. माले बिमारी शे."

"काय बोलस रे मना राजा? कसानी बिमारी?"

"फेफरं."

भागाबाईने पदर तोंडात कोंबला. भगत बोलायला लागला की असं नाव घेऊ नये, नाव घेतलं की चिकटतं. तर आधारने त्याला शांतपणे दाराबाहेर नेऊन सोडलं आणि विळा मोरीत टाकला. पहिल्यांदाच त्याने तो शब्द तोंडाने उच्चारला होता. आज वस्तादांचा हात गेला, उद्या कुणाची मान जाईल. परवा माय भाकर वाढताना माझ्याजवळ बसली असेल, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरहून धनसिंग आला. थेट भीमनगरात, पत्ता विचारत विचारत. पाठीवर काठीचा वळ घेऊन आलेला तो दणकट गडी भागाबाईसमोर लाजत बसला, चहा घेतला आणि मग आधारला म्हणाला, "पहिलवान, मी जिंकलेलो नाही. मी तुझ्या खांद्यावर होतो. माणूस डाव सोडतो तेव्हा अंगातून कळतं, आधी दम सोडतो, मग हात ढिले करतो. तुझं तसं नव्हतं. अंग उभं होतं आणि आत कुणीच नव्हतं. मी खाली उतरून तुझ्या डोळ्यांत पाहिलं. मला आधार म्हणून हाक मारायची होती, पण अंगाने आधीच पट काढला. तेवढं माझं चुकलं."

"तुला कसं कळलं?"

"माझी चुलत बहीण, सुनंदा. ती अशीच बघत राहायची, पदराशी चाळा करत. घरचे म्हणायचे नाटकं करते. सासरच्यांनी मार मार मारली. शेवटी मी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेली. आता गोळ्या घेते. तीन वर्षं झाली, शेतात सगळी कामं करते. ऊठ, चल."

आधार उठला. एसटीत तो खिडकीशी बसला नाही, धनसिंगला बसवलं. स्वतः दाराकडच्या बाजूलाही बसला नाही. दोन बाकांच्या मध्ये, खाली, आपले हात मांडीखाली दाबून तो पारोळा गेलं, धुळं आलं तरी तसाच बसून होता. लोक हसले. त्याला पर्वा नव्हती, त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती.

दवाखान्यात केसपेपरची ही लांबलचक रांग. रांग तीन तास चालली. त्या तीन तासांत आधारने मनातल्या मनात एक वाक्य तयार केलं: ऊन लागलं आणि चक्कर आली. सोपं वाक्य होतं. डॉक्टर ताकदीची बाटली देतील, महिनाभर विश्रांती, मग पुन्हा माती. कुस्ती विकल्याचा बोभाटा आज ना उद्या विरेल. वस्तादांची माफी मागता येईल. त्या वाक्याने सगळं वाचत होतं. त्याला ते वाक्य इतकं हवंसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर बाई चाळिशीच्या, आवाजाला कडक. "काय होतंय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

आधारने धनसिंगकडे पाहिलं. मग आपल्या पंजाच्या कडेला आलेल्या भाजल्याच्या फोडाकडे.

"बाई, माझा वेळ हरवतो," तो म्हणाला.

बाईंनी पेन थांबवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "सांग."

त्याने सगळं सांगितलं. पोटातली उसळी, जळक्या रबराचा वास, फैजपूरचा ट्रक, चोपडा, पारोळा, भाकरीचं ताट, यात्रा. पाच वेळा, आणि कालची मोठी. झिपरूचंही सांगितलं. बोलताना एकदाही चक्कर हा शब्द आला नाही. बाई लिहीत गेल्या. त्याचं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बहुतेक या फिटच आहेत. लहान फिट आधीपासून येत होत्या, त्यांच्यातूनच काल मोठी आली. नाशिकला मेंदूचा आलेख काढायला पाठवते, पण गोळ्या आजपासून. एक दिवस चुकवायची नाही. आणि पुन्हा आली तर ही मंडळी जे करतात ना, दाबून धरणं, दातांत लोखंड घालणं, चप्पल हुंगवणं, ते बंद. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना. एवढंच."

"आणि कुस्ती?"

"नाही."

"किती दिवस नाही?"

"हे बघ, पोहणं नाही, ट्रकवर चढणं नाही, हे तुला काही वर्षं पाळावं लागेल, पुढे फिट आल्या नाहीत तर सूट मिळेल. कुस्तीचं मी तुला खोटं नाही सांगणार. ती सोड."

चिंचेचे एवढे फोक पाठीवर पडले तेव्हा न रडलेला आधार तिथे, त्या लोखंडी स्टुलावर बसून हमसून हमसून रडला. धनसिंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेरचे रुग्ण दारातून डोकावायला लागले. बाईंनी त्याला रडू दिलं, कुणाला आत घेतलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "मला अजून एक हवंय. फिट येते तेव्हा तू तिथे नसतोस, म्हणून ती कशी सुरू झाली ते तू सांगू शकत नाहीस. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस पाहिजे. औषध कोणतं, किती, ते त्यावर ठरतं."

धनसिंगने यात्रेतलं सांगितलं. "आणि मोठी फिट? ती कुणी पाहिली?" बाईंनी विचारलं. नथ्थू घाबरून आला नव्हता, आणि त्याने तरी कुठे पाहिली होती सुरुवात.

"मी पाहिली," दारातून आवाज आला.

खाजा वस्ताद उभे होते. उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, अंगात दवाखान्याचा ढगळ शर्ट. वरच्या वॉर्डच्या खिडकीतून त्यांनी दोघांना रांगेत उभं पाहिलं होतं आणि जिन्याला धरत धरत ते खाली आले होते. आधार ताडकन उठला आणि भिंतीला चिकटला, हात पाठीमागे घेतले. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते स्टुलावर बसले आणि बाईंना म्हणाले, "मी याचा वस्ताद. विचारा."

"सुरुवात कशी झाली?"

वस्ताद सांगायला लागले, ते एखादी कुस्ती सांगावी तसं, डावावर डाव. आधी याने मला हाक मारली. मग डोळे माझ्यावरून सुटले, थोडे वर गेले. मग तोंड हललं, काही चघळावं तसं. मग डाव्या हाताची बोटं, अंगठा आणि तर्जनी, लंगोटाच्या काठावर. यात्रेत केलं अगदी तसंच. पारोळ्यातही तसंच. चोपड्यातही. बाई भराभर लिहीत होत्या.

"किती वेळ चाललं असं? पडायच्या आधी?"

डाव्या हाताने वस्तादांनी प्लास्टर चाचपलं.

"अंदाजे सांगा. अर्धं मिनिट? एक?"

"सात," वस्ताद म्हणाले.

"सात मिनिटं?"

"सात तडाखे, बाई. मी मारत होतो. हा हाक मारून थांबला, पुढे बोलेना, आणि तोंड हलवत उभा राहिला. मला वाटलं माझ्यासमोर चघळतोय, माझ्या तोंडावर खूण करतोय. मी आणखी जोरात मारलं. तोपर्यंत दर तडाख्याला याचं अंग थरथरायचं. त्या सातांना थरथरलं नाही. मला वाटलं मस्ती आहे. हा तिथे नव्हताच, आणि मी त्याला मारत होतो." त्यांनी प्लास्टरमधला हात थोडा पुढे केला. "नऊ वर्षं याला माझ्या हातानं दूध पाजलं, बाई. या हातानं."

धनसिंगने तोंड फिरवलं. आधार भिंतीपासून सुटला, दोन पावलं पुढे आला, आणि वस्तादांच्या समोर खाली फरशीवर बसला. त्याने हात पुढे आणले, पण लावले नाहीत.

"ते सात मला लागलेच नाहीत, वस्ताद," तो म्हणाला. "त्याआधीचे लागले."

वस्ताद लहान पोरासारखे रडायला लागले. रडता रडता त्यांनी डावा हात पुढे केला, आधारचा भाजलेला पंजा ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट दाबून धरला. आधार तो सोडवायला बघत होता, "नको वस्ताद, माझा भरवसा नाही," असं म्हणत होता. वस्तादांनी सोडला नाही.

मग बाईंनी पेन उचलला.

"पुढे सांगा," त्या म्हणाल्या. "पडताना मान कुठल्या बाजूला वळली?"

वस्तादांनी खांद्याने डोळे पुसले. "डावीकडे," ते म्हणाले. "आधी डावीकडे."